काजऱ्याची टेकडी : प्रस्तावना

११ जुलै २०२५ च्या रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रायगडाचे फोटो धडाधड येऊ लागले. युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले होते. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. कुणी साल्हेरच्या जुन्या ट्रेकचे फोटो शोधून टाकले, कुणी पेढ्यांची वर्गणी काढायला घेतली, आणि एका काकांनी 'हे खांदेरी नक्की कुठे आलं?' असं विचारून चारचौघांच्या मनातला प्रश्न उघड केला.

पॅरिसच्या त्याच बैठकीत, त्याच दिवशी, त्याच यादीत कंबोडियातली तीन ठिकाणं गेली. एक शाळा, जिचा तुरुंग झाला. एक फळबाग, जिथे त्या तुरुंगातली माणसं ट्रकने नेऊन मारली. आणि एक रान, जिथे तुरुंग चालवणाऱ्याने हे काम आधी शिकून घेतलं होतं. ही बातमी ग्रुपवर कुणी टाकली नाही. मीही टाकली नाही. पेढ्यांच्या मधोमध ती ठेवणं मला जमेना. वारसा म्हटलं की वाडवडलांनी मागे ठेवलेली मिळकत, असं आपण धरून चालतो. पण सातबाऱ्यावर बोजाही चढलेला असतो, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही.

हे पुस्तक त्या तीन ठिकाणांबद्दल आहे, आणि तिथे मेलेल्यांना न्याय मिळावा म्हणून चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या खटपटीबद्दल. मी वकील नाही, इतिहासाची अभ्यासक नाही. मी तिथे गेले तीही अगदी नेहमीच्या वाटेने: व्हिएतनाम-कंबोडिया, आठ दिवस, मराठी जेवणासह. माझ्यासारखे कितीतरी लोक अंगकोर वाट पाहायला जातात आणि जावंच. तिथल्या भिंतीवरचं समुद्रमंथन पाहून आपलीच गोष्ट परक्या घरी भेटल्यासारखं वाटतं. १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याने त्या मंदिराची डागडुजी केली, हे गाइड आवर्जून सांगतो आणि सगळ्यांची छाती दोन इंच फुगते. त्या देशात तेव्हा इतर कुणी का फिरकत नव्हतं, हे मात्र तो सांगत नाही. कार्यक्रमपत्रिकेत नॉम पेन्हच्या दिवसापुढे लिहिलं होतं: राजवाडा, बाजार, आणि कंसात 'ऐच्छिक – जेनोसाइड म्युझियम'.

अडतीस जणांच्या गटातून आम्ही सहा जण गेलो. त्यात सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना सगळे 'सर' म्हणत, मीही म्हणू लागले. वहिनी हॉटेलवर थांबल्या. "सुट्टीत कशाला हो असलं बघायचं," असं त्या म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला ते पटलंही होतं. सर म्हणाले, "शाळा आहे म्हणतात. शाळा बघून येतो."

त्वोल स्लेंग हे नाव तेव्हा माझ्यासाठी नुसता आवाज होता. परत आल्यावर अर्थ शोधला. त्वोल म्हणजे उंचवटा, टेकडी. स्लेंग हे एका विषारी फळाच्या झाडाचं नाव, आणि ते झाड म्हणजे आपला काजरा, कुचला. कोकणात वाढलेल्या प्रत्येकाला आजीने बजावलेलं असतं, ती नारिंगी फळं तोंडात घालायची नाहीत. तेव्हा त्वोल स्लेंग म्हणजे काजऱ्याची टेकडी. गंमत अशी की ज्या हायस्कूलचा तुरुंग झाला, त्याचं नाव होतं त्वोल स्वाय प्रे, म्हणजे रानआंब्याची टेकडी. काजरा शेजारच्या प्राथमिक शाळेच्या नावात होता. जगाने आंबा सोडला आणि काजरा धरला. पुस्तकाला नाव ठेवताना मीही तेच केलं.

आवारात शिरल्यावर पहिलं जाणवतं ते हे, की ही शाळा आहे. तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मध्ये मैदान, चाफ्याची झाडं. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही बऱ्या हायस्कूलसारखी ऐसपैस. सर पहिल्या वर्गात शिरले आणि सवयीने आधी फळा बघितला. फळा होता. पिवळ्या-पांढऱ्या फरश्यांवर मधोमध लोखंडी पलंग, पलंगावर पायबेडी, आणि भिंतीवर त्याच खोलीचा १९७९ च्या जानेवारीतला फोटो. त्या फोटोत पलंग रिकामा नाही. व्हिएतनामी सैन्य शहरात शिरलं तेव्हा तुरुंगाचे लोक पळून गेले. जाता जाता शेवटच्या काही कैद्यांना त्यांनी मारलं. ती चौदा प्रेतं आज मैदानात पांढऱ्या थडग्यांखाली आहेत. पुढच्या इमारतीत वर्गांच्या आत विटांच्या भिंती घालून हातभर रुंदीच्या कोठड्या केल्या आहेत, इतक्या घाईत की गवंड्याने ओळंबासुद्धा लावलेला नाही. व्हरांड्यांना वरपासून खालपर्यंत काटेरी तार. ती कैदी पळू नयेत म्हणून नव्हती, त्यांनी उडी मारून स्वतः मरू नये म्हणून होती. मैदानात व्यायामाचा उंच लाकडी खांब आहे. मुलं त्याला दोर बांधून कसरत करत. नंतर त्याच खांबाला माणसं उलटी टांगली.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग एका वर्गाच्या दारात उभं राहून म्हणाले, "ताई, ह्या खोलीत साठ पोरं बसत असतील. कोपऱ्यातला वर्ग नेहमी दंगेखोर तुकडीला देतात." तेवढंच.

थोडक्यात इतिहास सांगायला हवा, कारण मराठीत त्याबद्दल फार वाचायला मिळत नाही. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने नॉम पेन्ह घेतलं. लोक रस्त्यावर येऊन आनंदाने ओरडत होते. युद्ध संपलं होतं. काही तासांतच सगळ्यांना घरं सोडायला सांगितलं गेलं. इस्पितळातले रुग्ण खाटांसकट बाहेर निघाले. दोन-तीन दिवसांत लाखोंचं शहर ओस पडलं. मग पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, बौद्ध विहार बंद. भिक्षूंना चीवर उतरवायला लावलं. सगळा देश भातशेतीवर. शहरातून आलेले ते 'नवे लोक', त्यांच्या जिवाला किंमत नाही. त्यांना उद्देशून एक वाक्य सर्रास म्हटलं जाई, ज्याचा आशय असा: तुला ठेवून फायदा नाही, घालवून तोटा नाही. ७ जानेवारी १९७९ ला ही राजवट कोसळली. कंबोडियातली वयस्क माणसं तो काळ वर्षांत सांगत नाहीत. तीन वर्षं, आठ महिने, वीस दिवस, असा दिवसांच्या हिशोबाने सांगतात. सुमारे ऐंशी लाखांच्या देशात त्या काळात किती माणसं मेली? पुढे न्यायालयापुढे आलेला अंदाज १७ ते २२ लाखांचा आहे. त्यातली आठ लाखांच्या आसपास माणसं हिंसेने मारलेली, बाकीची भुकेने, आजाराने, कष्टाने.

त्वोल स्लेंगचं सांकेतिक नाव एस-२१. तिथे किमान १२ हजार माणसं गेली, त्याहून बरीच अधिक असावीत. जिवंत बाहेर आलेले प्रौढ हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे. हा शेतावरच्या मरणासारखा प्रकार नव्हता. इथे फाइल होती. माणूस आणला की फोटो काढायचा, जीवनवृत्तान्त लिहून घ्यायचा, मग कबुलीजबाब. सीआयए, केजीबी, व्हिएतनाम या तिन्हींचा हेर असल्याचं एकाच माणसाकडून वदवून घ्यायचं. जबाब पुरा झाला की त्यावर एक शब्द: 'कम्टेक'. पार चुरा करणे, धूळ करणे असा त्याचा अर्थ. विचित्र गोष्ट अशी की इथले बहुतेक कैदी ख्मेर रूजचेच कार्यकर्ते होते. आज चौकशी करणारा उद्या त्याच कोठडीत. भिंतीवरच्या हजारो चेहऱ्यांकडे पाहताना आपण सगळ्यांना निरपराध धरतो आणि ते बरोबरही आहे, कारण ज्या गुन्ह्यासाठी त्यांना मारलं तो त्यांनी केलाच नव्हता. पण त्यातल्या काहींनी दुसऱ्या कुणाचे तरी फोटो काढायला, हात बांधायला मदत केलेली असणार. स्मारकाच्या भिंतीला ही वर्गवारी जमत नाही. पुस्तकाला थोडीफार जमावी, म्हणून दुसरं प्रकरण मी याच विषयाला दिलं आहे.

या कबुलीजबाबांत एक न्यूझीलंडच्या केरी हॅमिल या तरुणाचा आहे. त्याचं शिडाचं जहाज भरकटून कंबोडियाच्या पाण्यात आलं आणि तो पकडला गेला. आपल्यावरचे सीआयएचे अधिकारी कोण, असं विचारल्यावर त्याने एक नाव दिलं कर्नल सँडर्स, म्हणजे तळलेली कोंबडी विकणाऱ्या त्या जगप्रसिद्ध दुकानाच्या पाटीवरचे दाढीवाले गृहस्थ. आणखी एक नाव दिलं एस. टार. त्याच्या आईचं नाव एस्थर. छळ करणाऱ्यांना इंग्रजी बेताचं येत होतं, त्यांनी ते इमानेइतबारे लिहून घेतलं. तीस वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ रॉब साक्षीला उभा राहिला आणि त्याने तो निरोप न्यायालयात उलगडून सांगितला. मारणाऱ्यांनी राखलेल्या कागदातूनच मेलेला माणूस घरी बोलला.

तो तुरुंग चालवणारा कांग गुएक इयाव ऊर्फ डुइक हा गणिताचा शिक्षक होता. काचेच्या पेटीत त्याने तपासलेले कबुलीजबाब ठेवले आहेत. समासात लाल शाईने शेरे: हे अपुरं आहे, हे पुन्हा लिहून घ्या, इथे आणखी नावं हवीत. सर त्या पेटीसमोर उभे राहिले ते हलेनात. शेवटी मीच म्हटलं, "सर, चला." ते म्हणाले, "पुढे व्हा तुम्ही. येतो."

आता न्यायाची गोष्ट. ती सरळ नाही आणि ती सरळ करून सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

राजवट कोसळल्यावर १९७९ च्या ऑगस्टमध्ये व्हिएतनामच्या पाठिंब्याने नॉम पेन्हमध्ये खटला चालला आणि ख्मेर रूजचा प्रमुख पोल पोट याला गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला. जगाने त्याकडे प्रचार म्हणून पाहिलं, आणि बराचसा तो तसा होताही. पण जगाने पुढे जे केलं त्याला काय म्हणावं? व्हिएतनामला विरोध म्हणून संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची आणखी कित्येक वर्षं ख्मेर रूजच्याच गोटाकडे राहिली. ज्यांनी मारलं तेच मेलेल्यांच्या वतीने न्यूयॉर्कमध्ये बसत होते. भारताने १९८० मध्ये, इंदिरा गांधींच्या सरकारने, नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली तेव्हा बिगर-कम्युनिस्ट देशांत असं करणारे आपण जवळजवळ एकटेच होतो. त्यामागे मॉस्कोशी असलेली आपली दोस्ती होती हे उघड आहे. तरी अंगकोरच्या दगडांवर आपले लोक का पोचू शकले, त्याचं उत्तर इथे आहे.

पोल पोट १९९८ च्या एप्रिलमध्ये जंगलात अंथरुणावर मेला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे दोन साथीदार, नुऑन चिया आणि खिउ साम्फान, शरण आले तेव्हा पंतप्रधान हुन सेन यांनी त्यांचं स्वागत केलं आणि खड्डा खणून भूतकाळ पुरून टाकावा अशा अर्थाचं बोलले. खड्डे तर त्या देशात आधीच पुष्कळ होते. संशोधकांनी नंतर मोजले ते २० हजारांच्या घरात भरले. हुन सेन स्वतः एके काळी ख्मेर रूजचे अधिकारी, १९७७ मध्ये व्हिएतनामला पळून गेलेले. न्याय मागणाऱ्या लोकांना न्याय नको असणाऱ्या माणसाच्या दारातून जावं लागणार होतं. पुष्कळ घासाघीस होऊन २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि कंबोडिया यांच्यात करार झाला, आणि देशी-परदेशी न्यायाधीश एकत्र बसतील असं विशेष न्यायालय २००६ मध्ये उभं राहिलं. शहराबाहेर, शेतांच्या मध्ये. काचेपलीकडे न्यायालय आणि अलीकडे जवळपास पाचशे खुर्च्यांचं प्रेक्षागृह. गावोगावहून बसगाड्या भरून माणसं येत. म्हाताऱ्या बाया पांढरे सदरे घालून यायच्या, विहारात जाताना घालतात तसे.

सोळा वर्षांत, ३० कोटी डॉलरहून अधिक खर्चून, तीन माणसं दोषी ठरली. हा आकडा ऐकून लोक हसतात. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. राजवटीतला आणखी एक नेता, इएंग सारी, खटला चालू असतानाच मेला, त्याच्या आरोपी बायकोला स्मृतिभ्रंशामुळे सोडावं लागलं, आणि खालच्या फळीवरचे खटले हुन सेन यांच्या विरोधामुळे कधी उभेच राहिले नाहीत. डुइकला २०१० मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. बेकायदा कोठडीबद्दलची सूट आणि आधी भोगलेला काळ वजा जाता उरली १९. गणिताच्या मास्तरला हिशोब फायद्यातच पडला, असं लोकांना वाटलं तर नवल नाही. वाचलेले लोक बाहेर येऊन रडले, चिडले. अपिलात २०१२ च्या फेब्रुवारीत ती जन्मठेप झाली. पण तीन हा आकडा जितका हास्यास्पद वाटतो तितकाच आणखी एक प्रश्न मनात येतो: तीनही ठरले नसते तर?

या न्यायालयाची एक गोष्ट मला मोलाची वाटते. इथे पीडित माणसं नुसती साक्षीदार नव्हती; ती खटल्यात पक्षकार होती, त्यांना वकील होते, आरोपीला प्रश्न विचारता येत होते. १ जुलै २००९ ला बू मेंग हे चित्रकार साक्षीला आले. पोल पोटचं चित्र हुबेहूब काढता आलं म्हणून ते एस-२१ मधून वाचले. बायको त्यांच्याबरोबरच पकडली गेली होती. तिला त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. न्यायाधीशांमार्फत त्यांनी डुइकला एवढंच विचारलं, की तिला तुरुंगात मारलं की च्युंग एकच्या त्या फळबागेत? कारण ती जागा कळली तर तिथून काही घेऊन ते तिच्या आत्म्यासाठी विधी करणार होते. डुइक म्हणाला, ते काम हाताखालचे लोक बघत, पण च्युंग एकला मारलं असावं असा आपला अंदाज आहे.

अख्ख्या खटल्याच्या कागदपत्रांत मी या प्रश्नाशी सर्वांत जास्त वेळ थांबले. बू मेंग शिक्षेबद्दल विचारत नव्हते. कायद्याच्या भाषेत ज्याला गुन्ह्याचं ठिकाण म्हणतात, ते त्यांना श्राद्धासाठी हवं होतं.

आणि इथेच स्मारक आणि न्यायालय एकमेकांच्या आड येतात. च्युंग एक शहरापासून पंधराएक किलोमीटरवर. पूर्वी तिथे फळबाग होती, चिनी लोकांची जुनी थडगी होती. १२९ सामूहिक खड्डे सापडले, त्यातले ८६ उकरले, जवळपास नऊ हजार माणसांचे अवशेष निघाले. १९८८ मध्ये बांधलेल्या उंच काचेच्या स्तूपात कवट्या मजल्यामजल्याने रचल्या आहेत, आणि त्यांच्यावर रंगीत ठिपके चिकटवले आहेत: हा रंग म्हणजे कुदळीचा घाव, हा म्हणजे बाई, हा म्हणजे वीस वर्षांखालचं पोर. न्यायवैद्यकाच्या दृष्टीने हे उत्तम काम आहे. पण ख्मेर बौद्ध श्रद्धेप्रमाणे अग्नी न मिळालेल्या माणसाचा जीव भटकत राहतो. स्वतःची मुलं-नातवंडं त्या काळात गमावलेले राजे सिंहानूक म्हणत होते, या अस्थींना एकदाचा अग्नी द्या. सरकारचं म्हणणं, हा पुरावा आहे, तो राहिला पाहिजे. त्वोल स्लेंगमध्ये तर पूर्वी कवट्या जोडून केलेला कंबोडियाचा नकाशा भिंतीवर होता. तो २००२ मध्ये उतरवला, तेव्हा भिक्षू बोलावून विधी केले.

कोण बरोबर? मला दोघंही बरोबर वाटतात आणि हे उत्तर कुणाच्याच उपयोगाचं नाही. अस्थी जाळल्या असत्या तर 'हे सगळं व्हिएतनामने रचलेलं नाटक' म्हणणाऱ्यांना मोकळं रान मिळालं असतं. ठेवल्या, म्हणून ती माणसं चाळीस वर्षं पंचनाम्यातच अडकून पडली.

मराठी वाचकाला ही अडचण समजायला वेळ लागू नये. कंबोडियात 'प्चुम बेन' नावाचा पंधरवडा असतो. त्यांचा महिना फोत्रबोत, म्हणजे आपला भाद्रपद. पक्ष तोच, वद्य. आणि 'बेन' म्हणजे पिंड. पहाटेच्या अंधारात लोक विहाराभोवती भाताचे गोळे टाकत फिरतात, कारण ज्यांना कुणी उरलं नाही ते पितर उजेडात येत नाहीत. त्या दिवसांत च्युंग एकलाही माणसं येतात. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपली सर्वपित्री." ज्याची तिथी माहीत नाही त्याचं श्राद्ध अमावास्येला, एवढी सोय आपल्या पंचांगात आहे. शस्त्राने मेलेल्यांची चतुर्दशी वेगळी. त्या देशातल्या लाखो घरांत तिथी माहीत असलेलं मरणच नाही.

आता एक शब्दाची कटकट. या पुस्तकात मी 'वंशसंहार' आणि 'नरसंहार' हे शब्द अदलाबदल करून वापरलेले नाहीत. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू वकिलाने १९४४ मध्ये 'जेनोसाइड' हा शब्द घडवला आणि ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी त्यावरचा करार केला. त्यात राष्ट्रीय, वांशिक, वर्णाचे आणि धार्मिक असे चारच प्रकारचे समूह धरले आहेत. राजकीय गट नाहीत, वर्ग नाहीत. त्यामुळे होतं असं, की ज्या म्युझियमच्या पाटीवर 'जेनोसाइड' लिहिलं आहे, तिथे मेलेल्या बहुतेक ख्मेर माणसांचा खून कायद्याने जेनोसाइड ठरत नाही. डुइक दोषी ठरला तो मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांबद्दल. वंशसंहाराचा निकाल नुऑन चिया आणि खिउ साम्फान यांच्या खटल्यात लागला, १६ नोव्हेंबर २०१८ ला, आणि तो होता व्हिएतनामी वंशाचे लोक आणि चाम मुसलमान यांच्याबद्दल. नुऑन चिया पुढच्याच वर्षी मेला. खिउ साम्फानचं अपील २०२२ च्या सप्टेंबरात फेटाळलं गेलं. ख्मेर भाषेला ही बारीक चाळणी मान्य नाही. तिथला रूढ शब्द 'प्रलय' याच आपल्या शब्दापासून सुरू होतो आणि पुढे बी-वाण, कुळ, जात अशा अर्थांचे शब्द लागतात. बियाण्यावर आलेला प्रलय. गावातली बाई आपल्या मेलेल्या नवऱ्याबद्दल हाच शब्द वापरते आणि तिला कुणी दुरुस्त करत नाही. मीही केलं नाही. फक्त जिथे न्यायालयाचं बोलणं आहे तिथे 'वंशसंहार', बाकी ठिकाणी 'नरसंहार' ठेवलं.

जाता जाता: भारताने हा करार १९५९ मध्ये स्वीकारला, पण आपल्या देशातल्या कायद्यात हा गुन्हा आजही नाही. १९८४ च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हत्याकांडात सज्जन कुमार यांना २०१८ मध्ये शिक्षा सुनावताना दिल्ली उच्च न्यायालयाने हीच पोकळी बोलून दाखवली होती. त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं, आणि ते माझ्याहून जाणत्या माणसाने लिहावं.

अशा ठिकाणी पाहुण्याने कसं वागावं, हा प्रश्न मला वाचकांनी हमखास विचारावा असं वाटतं, कारण मी स्वतः तिथे धड वागले नाही. टुकटुकवाल्याने प्लास्टिक चढवलेलं कार्ड पुढे केलं होतं: किलिंग फील्ड्स, बाजार, नेमबाजीचं मैदान, तिन्ही मिळून सवलत. मी त्यावर नाराज झाले आणि मग स्वतःच घासाघीस करून दोन डॉलर कमी करून घेतले. त्वोल स्लेंगच्या भिंतींवर हसऱ्या चेहऱ्यावर काट मारलेल्या पाट्या आहेत. पाटी लावावी लागली म्हणजे लोक हसले असणार. २००५ मध्ये च्युंग एकचा कारभार ३० वर्षांसाठी एका जपानी कंपनीकडे दिला गेला, तेव्हा आमची हाडं विकली म्हणून लोकांनी संताप केला. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये एका आयरिश कलाकाराने त्वोल स्लेंगमधल्या फोटोंना रंग दिले. त्यातल्या काही चेहऱ्यांवर हसू काढलेलं होतं. कंबोडियाच्या सरकारने आक्षेप घेतल्यावर ते छापणाऱ्यांनी मागे घेतले. त्या माणसाचा हेतू वाईट होता असं म्हणायचं कारण नाही. चेहरा बघवेना म्हणून त्याने तो बघण्याजोगा केला. आपण सगळेच थोडंफार हेच करतो. कुणी मैदानातल्या चाफ्याचा फोटो काढतो, कुणी प्रस्तावना लिहितो.

मी गेले तेव्हा चुम मे आवारात छोटं टेबल मांडून बसले होते. शिवणयंत्रं आणि टंकयंत्रं दुरुस्त करता येत म्हणून ते एस-२१ मधून वाचले. समोर त्यांच्याच पुस्तकाची चळत. ज्या जागी नखं उपटली गेली, तिथे रोज येऊन बसायचं आणि पर्यटकांबरोबर फोटो काढून घ्यायचे. मला आधी ते कसंसंच वाटलं. मग आठवलं की डुइकच्या पहिल्या निकालात पक्षकारांना मिळालेली भरपाई काय होती: त्यांची नावं निकालपत्रात छापणं, आणि डुइकने मागितलेल्या माफीची वाक्यं एकत्र करून प्रसिद्ध करणं. बस्स, एक रुपया नाही. २०१५ मध्ये आवारात मेलेल्यांची नावं कोरलेले काळे दगड बसले, तेही जर्मनीच्या पैशांतून. या माणसाने आपलं टेबल मांडलं तर त्याला नावं ठेवणारी मी कोण? पुस्तक घेतलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, दुभाषा नव्हता, आम्ही तसेच थोडा वेळ उभे राहिलो.

तिसरं ठिकाण, एम-१३, मी पाहिलेलं नाही. कांपाँग छनांग प्रांतात ते आहे आणि पाहण्यासारखं तिथे काही उभं नाही. १९७१ पासून डुइक तिथे कैदी ठेवी. फ्रांस्वा बिझो हा फ्रेंच अभ्यासक तिथे तीन महिने बेड्यांत होता आणि जिवंत सुटला. ते प्रकरण मी त्याच्या आणि साक्षींच्या आधारे लिहिलं आहे, डोळ्यांनी पाहिल्याचा आव आणलेला नाही.

नावांच्या उच्चारांबद्दल एक खुलासा. इंग्रजी वर्तमानपत्रं 'डच' असं वाचायला लावतात, मी ख्मेर उच्चाराजवळ जाणारं 'डुइक' ठेवलं. चुका असतीलच. हस्तलिखित मी सरांकडे पाठवलं, कारण सहलीनंतरही आमचा फोन चालू राहिला आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मला त्यांच्याइतका कडक माणूस माहीत नाही. छत्तीस वर्षं त्यांनी वह्या तपासल्या. महिन्याने गठ्ठा परत आला. पानोपानी दुरुस्त्या, समासात बारीक अक्षरात शेरे, दोन ठिकाणी 'हे पुन्हा लिहा'. सगळं शिसपेन्सिलीने. मी फोनवर विचारलं, "सर, लाल पेन संपलं की काय?" ते म्हणाले, "आहे ना. कपाटात आहे."